गजेंद्रभाऊंना परवडलेला खडखडाट

माझ्या खडखडाटात गजेंद्रभाऊंचे तीन फायदे होते. गिऱ्हाईक भाव पाडत नसे. काय झालं म्हणून शेजारी गोळा होत. आणि त्या गोळा झालेल्यांपैकी एकाची तरी मोरी तुंबलेली निघेच. मला दुरुस्तीला न्यायचं, तर एक दिवस काम बंद. मग नेतो कोण?

मित्रांनो, मी सौंसरच्या गजेंद्रभाऊंचं नाली साफ करायचं जुनं मशीन. माझ्या ड्रममध्ये पन्नास फूट लोखंडी स्प्रिंग गुंडाळलेली असते. मोटर ड्रम फिरवते, स्प्रिंग गरगरत पाइपात शिरते आणि केस, चिंध्या, खरकटं, म्हणजे "आम्ही नाही बा टाकत" असं लोक ज्याबद्दल सांगतात ते सगळं, बाहेर ओढून आणते.

नवेपणी मी गुपचूप काम करी. तेव्हा बोरगावचं एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, "पाच मिनिटं घुर्र केलं, अन् येवढे पैसे?" पुढे ड्रममागची बेअरिंग झिजली, मी पिठाच्या गिरणीसारखा बोंबलू लागलो, आणि त्याच माणसाने मुकाट्याने पैसे दिले. वर चहा पाजला. आवाज मोठा म्हणजे काम मोठं! मलाही तेव्हा मौज वाटली होती. आता लाज वाटते.

कारण मला चालवायचे गुलाबकाका. साठीचे. नाल्यांत बांबूच्या कमच्या घालण्यात त्यांची उमर गेलेली. मी आलो तेव्हा त्यांनी मला हळदीकुंकू लावलं होतं. एक दिवस ते म्हणाले, "गजेंद्र, स्प्रिंग धरली का हाताले मुंग्या येऊन राहिल्या रे."

"वय झालं काका तुमचं," भाऊ हसले. "मशीन जोरात हाये न, म्हणून."

काकांनी पुन्हा स्प्रिंग धरली. मी खडखडत राहिलो. माझ्याजवळ तेवढीच भाषा होती.

मग रामाकोन्याला धनश्रीताईंच्या मोरीत ते घडलं. फरशी ओली, काकांचा हातमोजा ओला. मी सुरू झालो आणि वीज माझ्या अंगातून, माझ्याच स्प्रिंगमधून, काकांच्या हातात गेली. त्यांना ओरडता येईना. मूठ सुटेना. गोळा झालेली माणसं माझा आवाज ऐकत कौतुकाने उभी होती! एकट्या धनश्रीताईंनी काकांचे डोळे पाहिले आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला. काका भिंतीशी कोसळले. श्वास चालू होता.

मी थिजलो. जीव घेणारं मशीन मी? मी?

चार दिवसांनी भाऊंनी मला पांढुर्ण्याला पूनमताईंकडे नेलं. त्या मोटरी दुरुस्त करतात. प्लगकडे नजर टाकून त्यांनी मला भिंतीवरच्या बोर्डाला लावूच दिलं नाही. आपल्या टेबलावरच्या तपासणीच्या बोर्डावरून जपून वीज दिली. आधी स्प्रिंग काढून चालवलं, आवाज तसाच. मग मोटर आणि ड्रम जोडणारा पट्टा काढून नुसती मोटर चालवली, तर एकदम शांत. वीज बंद करून, पेचकसाचं टोक माझ्या अंगाला आणि मूठ कानाला लावून त्यांनी ड्रम हाताने फिरवला.

"बेअरिंग गेली भाऊ. म्हणून ड्रम डुलून राहिला. डुलता डुलता त्यानं मोटरच्या वायरीची साल खाल्ली. करंट सरळ लोखंडात. महिनोन्‌महिने बोंबलत असंन हे!"

"आवाजानं भाव येत होता ताई," भाऊ खाली बघत म्हणाले.

पूनमताईंनी प्लग त्यांच्यापुढे धरला. "अन् याची अर्थिंगची पिन कुठं हाये?"

"घरोघरी दोन छेदाचेच बोर्ड रायते न. बसत नव्हती, म्हणून कापली."

ताईंनी पेचकस टेबलावर आपटला. "फुटलेला करंट जमिनीत नेऊन म्हाताऱ्याले वाचवणारी तेवढी एकच गोष्ट होती भाऊ. तेच कापली?"

मलाही, मित्रांनो, त्या दिवशीच कळलं की माझं काय कापलं गेलं होतं.

बेअरिंग, वायर आणि तीन पिनांचा प्लग तासाभरात बसला. आता मी तीन छेदांच्या बोर्डावरच, गुपचूप चालतो. मित्रांनो, घरातलं मशीन वेगळा आवाज करू लागलं, तर त्याला जोर समजू नका. बंद करा आणि जाणत्याला दाखवा. आणि हाताला मुंग्या येतात असं कुणी म्हटलं, तर त्याचं वय काढू नका.

राहिला हिशेब. खडखडाटाचे जास्तीचे पैसे गिऱ्हाइकांनी दिले, दुरुस्तीचे भाऊंनी. गुलाबकाकांच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली, ती मिटतही नाहीत आणि उघडतही नाहीत. त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या रोज सकाळी त्यांच्या पत्नी शकुबाई लावून देतात. शकुबाईंनी तर माझा आवाज कधी ऐकलाही नव्हता, तरी हिशेबातला हा वाटा त्यांच्याकडे आला.