पिवळं कार्ड

“बठ्ठासनं रगत दखस तू. तुनं कार्ड कोनतं शे, भाऊ?”

सगळ्यांचं रक्त तपासणाऱ्याला गर्दीतल्या धुरपदाबाईने असं विचारलं आणि टेम्पोभोवतीची माणसं हसली. प्रशीलच्या हातात माईक होता, मागे स्पीकरवर ठेका चालूच होता. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारा तो बाजार. प्रशील आरोग्य केंद्रात रक्त तपासायचा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी म्हटलं की लोक पळायचे. पोरीच्या रक्तात दोष निघाला तर तिला करून कोण घेणार, ही भीती. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने अहिराणीत रॅप सुरू केला.

पत्रिका बठ्ठा दखतस, रगत कोन दखी?
लेकरू रातभर रडी, हाडे कोन शेकी?

शब्द शिल्पाचे होते. शिल्पा चोपड्याला औषधांच्या दुकानात काम करायची. तिचा धाकटा भाऊ नवीन याच आजाराने अंथरुणाला लागायचा. त्याचं कार्ड लाल. तिचं स्वतःचं पिवळं. म्हणजे तिला त्रास नाही, पण दोष रक्तात आहे. दोष अजिबात नसेल तर कार्ड पांढरं. दोन पिवळी कार्डं एका घरात आली, तर चारातल्या एका लेकराला लाल कार्ड मिळायची भीती. हे प्रशील गाण्यातून सांगायचा, आणि गाणं संपलं की लोक स्वतःहून बोट पुढे करायचे.

स्वतःचं बोट मात्र त्याने कधीच टोचलं नव्हतं. सवड मिळत नाही, असं तो म्हणायचा. खरं कारण त्याला ठाऊक होतं. शिल्पाला लग्नाचं विचारायचं त्याच्या मनात वर्षभर घोळत होतं.

आता सगळा बाजार बघत होता. त्याने माईक खाली ठेवला आणि सुई उचलली. थोड्या वेळाने नळीतलं पाणी गढूळ झालं, म्हणजे दोष असल्याची खूण. पक्कं जिल्ह्याहून कळेल, असं तो इतरांना सांगायचा तेच आज सर्वांसमोर स्वतःबद्दल म्हणाला. कोणी हसलं नाही. धुरपदाबाई नातीचा हात धरून रांगेत उभी राहिली, तिच्यामागे आणखी बायका आल्या.

नंतरचा आठवडा त्याला एका जागी बसवेना. ताटावरून अर्ध्यातच उठायचा. एकदा गाडी काढून अमळनेरपर्यंत गेला आणि काही काम नसल्याने तसाच परत आला. मग जिल्ह्याहून कागद आला. कार्ड पिवळं.

कलाबाईंना, त्याच्या आईला, शिल्पा पहिल्यापासून आवडायची. “आमना लगीनमा कोनी कार्ड दखं व्हतं?” त्या म्हणाल्या. “चालनाच ना संसार.” डॉक्टरांनीही सांगितलं, लग्नाला कायद्याची आडकाठी नाही, गरोदरपणात तपासणी करता येते. तेवढा आधार धरून तो चोपड्याला गेला.

शिल्पा फळीवर बाटल्या लावत होती. त्याने एका दमात सगळं सांगितलं. मनातलं, कार्डाचं, डॉक्टरांचं. तिचे हात थांबले.

“आणि पोटातलं लाल निघालं तर?”

“चारातलं एकच, शिल्पा.”

“नवीन आमच्या घरातला एकच आहे, प्रशील.”

तिने हातातली बाटली फळीवर ठेवली आणि विचारलं, की हे बोलायला एवढे दिवस का लावलेस. भीत होतो, तो म्हणाला. तीही भीत होती, म्हणून तिने कधी त्याचं कार्ड विचारलं नव्हतं. तिने डोळे पुसत लग्नाला नाही म्हटलं आणि आता गाणं सोडणार का, असं विचारलं. येताना त्याने तेच ठरवलं होतं. पण तिच्यासमोर त्याला हो म्हणवेना. तिने गोळ्यांच्या कागदी पाकिटावर एक ओळ लिहून त्याच्या हातात दिली.

मनं कार्ड पिवळं शे, काबर मी लपाडू?

ती ओळ त्याने पुढच्या बाजारात म्हटली, मग पाचोऱ्यात, मग धुळ्यातल्या पोरांच्या कार्यक्रमात. धुळ्यात दोन मुलगे स्टेजजवळ आले आणि खिशातली पिवळी कार्डं काढून दाखवू लागले. त्या रात्री तो झोपला नाही, पण उठून फेऱ्याही मारल्या नाहीत.

दिवाळीनंतर पाचोऱ्याचा एक शिक्षक केंद्रात आला. योगेंद्र नाव. लग्न ठरतंय, मुलीने आधी तपासणी करून यायला सांगितलंय, म्हणाला. मुलीचं नाव त्याने सांगितलं. प्रशीलने त्याचं बोट टोचलं आणि नमुना लावला.

“ती तुमची गाणी ऐकवते,” योगेंद्र म्हणाला. “छान लिहिता तुम्ही.”

“शब्द तिचे आहेत. मी नुसता म्हणतो.”

कागद जिल्ह्याहून आला तेव्हा योगेंद्र पुन्हा आला. प्रशीलने पांढरं कार्ड घेतलं. नाव लिहिताना घाईत मात्रा चुकली, म्हणून त्याने ते बाजूला ठेवून दुसरं कार्ड घेतलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.