जामीनकी

वडूजच्या त्या घराला एकच दार होतं. दारापुढं ओटा होता आणि ओट्यावर रोज सकाळपासून कुणी ना कुणी येऊन बसायचं. कधी डिझेलवाला, कधी कनात शिवून देणारा शिंपी, कधी जाहिरातीची बैलगाडी भाड्यानं देणारा गाडीवान. भांडण कुणीच करत नव्हतं. यायचे, तंबाखू मळायचे, अंजनाकडं तांब्याभर पाणी मागायचे आणि जाताना विचारायचे, "मालक आलं का?"

"न्हाई अजून. गावाला गेल्यात," अंजना सांगायची.

मालक आतल्या खोलीत खाटेवर बसलेले असायचे. खोकला आला तर जोतीराम तोंडात धोतराचा बोळा धरायचा. भिंतीपलीकडं आपल्याच नावाची चौकशी चालली आहे आणि आपण आपल्याच घरात चोरासारखे बसलो आहोत, ह्याची त्याला आधी लाज वाटायची. पुढं पुढं लाजही वाटेनाशी झाली. नुसती छाती दाबल्यासारखी व्हायची.

दुष्काळाच्या आधी हाच माणूस खटाव-माणच्या जत्रांमधून राजासारखा फिरला होता. 'अंजना टुरिंग टॉकीज' असं रंगवलेली कमान उभी राहिली आणि भोंगा वाजू लागला, की बायाबापड्या जेवणं उरकून पोरं कडेवर घेऊन तंबूकडं निघायच्या. जोतीराम स्वतः मशीनवर उभा राहायचा. रीळ तुटलं आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या तर हसत बाहेर डोकावून म्हणायचा, "दम धरा रं, नटीला जरा पाणी पिऊ द्या!"

मग दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला गेली. जत्रा भरल्या त्या नावाला. देवापुढं नारळ फुटेना, तिथं तिकीट कोण काढणार? औंदाचं साल असंच गेलं, पुढल्या साली निघेल, असं म्हणत जोतीरामनं सांगलीच्या लालासाहेबांकडून रक्कम उचलली. लालासाहेबांचं सांगलीत पक्कं थेटर होतं, नदीकाठच्या मळीला उसाची जमीन होती. त्यांनी तंबू आणि मशीन तारण घेतलंच, वर म्हणाले, "सांगलीत सोताचं घर असलेला जामीन पायजे."

जोतीरामला असा एकच माणूस ठाऊक होता. मौला. सांगलीतला मशीनचा मिस्त्री. जोतीरामचं पहिलं मशीन त्यानंच मोडक्या सामानातून उभं करून दिलं होतं.

"नुसती सही हाय गड्या," जोतीराम त्याला म्हणाला होता. मौलानं तेलकट हात पुसले आणि सही केली.

दुसरं सालही पहिल्यासारखंच गेलं. तंबू आणि मशीन लालासाहेबांनी ओढून नेऊन विकलं, तरी देणं फिटलं नाही.

एके दिवशी चुलते आकाराम तात्या आले. ओट्यावरच्या मंडळींना रामराम घालून आत शिरले आणि हळू आवाजात म्हणाले, "जोती, मुंबईला जा. माणूस डोळ्याआड झाला की लोकं इसरत्यात."

जोतीराम मान हलवणार होता. त्याच्या मनात तेच घोळत होतं. पण चुलीपाशी बसलेली अंजना उठून उंबऱ्यात आली.

"आन तात्या, मी काय करू? ओट्यावरल्या लोकास्नी जन्मभर पानी देत बसू?"

"आगं, पर दुसरा मार्ग हाय का?"

"त्योच इचारायचाय. साताऱ्याला मगदूम वकील हायती. माझ्या मावसभावाचं काम त्यांनी केलतं. उद्या आमी जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर शिंपी बसला होता. दार उघडलं आणि जोतीरामच समोर उभा राहिला, तेव्हा तोच दचकला.

"गावाला गेलावतासा नव्हं?"

"न्हाई. घरातच होतो," जोतीराम म्हणाला. "आता साताऱ्याला चाललोय, वकिलाकडं."

शिंप्यानं पाय आखडून घेतले आणि दोघांना वाट दिली.  शिंप्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जोतीरामला यष्टीत वाटत राहिलं.

मगदूम वकील सांगली भागातले जैन, वयानं पिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये फक्त एकदा अंजनाला विचारलं, "बाई, घरात खायला आहे ना?" पंधरवड्यात त्या घराला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अंजनानं पदर तोंडाला लावला.

"हे बघा जोतीराम," वकील म्हणाले, "पळून जाऊ नका. पळालात तर बुडव्या ठराल आणि सापडलात तर दिवाणी तुरुंगात बसाल. ह्यासाठी कायदा आहे. कोर्टात अर्ज करायचा. जे आहे ते सगळं उघड सांगायचं, लपवायचं काही नाही. कोर्ट तुम्हाला नादार जाहीर करेल. असेल ते विकून सगळ्यांना वाटून देतील आणि पुढं तुम्ही मोकळे व्हाल."

"म्हंजी दिवाळं," जोतीराम म्हणाला.

"लोक दिवाळं म्हणतात. मी म्हणतो, बुडणाऱ्यासाठी बांधलेला घाट आहे तो. चढून येण्यात लाज कसली?"

किती दिवसांनी जोतीरामला पोटभर श्वास घेता आला. उठताना त्यानं सहज विचारलं, "आन मौलाचं काय हुईल? माझा जामीन."

वकिलांनी चष्मा काढला. "तो मोकळा होत नाही. तुम्ही सुटलात की लालासाहेब त्याच्या दारात जातील. त्याचं घर लिलावात काढतील. कायदा त्यांच्या बाजूनं आहे."

जोतीराम खाली बसला.

"एक वाट आहे," वकील म्हणाले. "लालासाहेबांकडं जा आणि सांगा, मी अर्ज करतोय. तडजोडीला तयार होतात का बघा. पण त्यांनी पुढं केलेल्या कशावरही मला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि आधी त्या मौलाला भेटा. त्याला हे बाहेरून कळू नये."

दोघं साताऱ्याहून तसेच सांगलीची गाडी धरून निघाले. वाटभर जोतीरामच्या डोळ्यांपुढं मौलाचे तेलकट हात दिसत होते.

मौला दारातच एक मोटर उघडून बसला होता. जोतीरामनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मौलाचा पाना हातातच राहिला. आतून त्याची बायको सुगराबी बाहेर आली.

"नुसती सही हाय, असं म्हनला हुतास," मौला म्हणाला.

"व्हय."

"माझ्या बापानं गिरणीत जलम घालवून बांधलंय हे घर."

"ठाव हाय मला. म्हनून तर आलो. मी म्हनतो, तूबी अर्ज कर. दोघंबी..."

"मी?" मौला उठून उभा राहिला. "मी कुनाचं बुडवलंय रं? कुनाची एक पै ठेवली न्हाई मी. आन कोर्टात जाऊन नादार म्हनवून घेऊ? उद्या मला कोन मशीन देईल उघडायला? हितं पोरीचं लगीन ठरत आलंय!"

सुगराबीनं अंजनाला आत ये म्हटलं नाही. चहाचं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमी काय बी करा, पर आमचं छप्पर सोडवा." आणि दार लोटून घेतलं.

लालासाहेबांनी मात्र चहा पाजला. थेटरच्या हापिसात पंखा फिरत होता. त्यांनी जोतीरामचं बोलणं शांतपणे ऐकलं.

"कर की अर्ज," ते म्हणाले. "मी मौलाचं घर घेईन. त्यात माझं काय जातंय? पर मला घराची हौस न्हाई. माझा ऑपरेटर सोडून गेलाय. तू इथं मशीनवर उभा राहा. देणं फिटंतवर. जेवान-खोली माझी. पगार न्हाई."

"किती साल?"

"फिटंल तवा फिटंल."

जोतीराम बाहेर आला तो अंजनाशी नजर न मिळवता. एकीकडं कोर्टाचं मोकळं दार, पण त्याच्या उंबऱ्यावर मौलाचं घर आडवं पडलेलं. दुसरीकडं हे. तिसरीकडं मुंबई; तिथं गेलं तरी मौलाचं घर जाणारच. तिन्हीकडून एकच भिंत.

"हो म्हना त्यास्नी," अंजना अखेर म्हणाली. "पर वकिलास्नी दाखवून."

साताऱ्याला वकिलांनी लालासाहेबांचा कागद वाचला आणि ते लाल झाले. "ही वेठ आहे. मी तुमच्या जागी असतो तर अर्ज केला असता."

"तुमी मौलाच्या दारात गेला न्हाईसा सायेब," जोतीराम म्हणाला.

वकिलांनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग पेन काढून त्यांनी कागदावर काटाकाट केली. मौलाची जामीनकी आजच रद्द. चाकरीची मुदत ठरलेली, त्यापुढं एक दिवसही नाही. पगार धरायचा, निम्मा हातात, निम्मा देण्यात वळता. "एवढं मान्य नसेल तर मी अर्ज दाखल करतो आणि मौलाच्या घराचा वाद लालासाहेबांनी वर्षानुवर्षं कोर्टात खेळावा, असं त्यांना माझं नाव घेऊन सांगा." त्यांनी फीचं नाव काढलं नाही.

लालासाहेबांनी कुरकुर केली. मुदत वाढवून घेतली, पगारातही थोडी काटछाट केली. पण मौलाचं नाव खोडलं गेलं.

वडूजचं घर विकून शिंपी, डिझेलवाला, गाडीवान, सगळ्यांचं भागवलं. शिंप्यानं थोडं सोडलंही. अंजना चार भांडी घेऊन थेटरमागच्या खोलीत राहायला आली. खोलीला खिडकी नव्हती. जोतीरामच्या केबिनला दोन भोकं होती, एक मशीनला आणि एक माणसाला. लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे, पण मधल्या भिंतीमुळं त्याचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं. रीळ तुटलं की तो मुकाट्यानं चिकटवायचा. जत्रेचा हंगाम आला की त्याचे पाय नुसते शिवशिवायचे. सुट्टी मागायला गेला तर लालासाहेब कागदाकडं बोट दाखवायचे. सही त्याचीच होती.

मौला आला नाही. पोरीच्या लग्नाचं निमंत्रणही आलं नाही. अंजना बाजारात सुगराबीला एकदा दिसली, तर सुगराबी हळदीच्या पेठेकडं वळून गेली.

एका दुपारी मशीन अडलं. खेळ बंद पडला, लोकांनी खुर्च्या आपटल्या, तसं लालासाहेबांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. जिन्यावर पावलं वाजली. मौला आत आला, जोतीरामकडं न बघता मशीनपुढं उकिडवा बसला आणि झाकण काढलं.

केबिनमध्ये दोघांना उभं राहायलाही जागा नव्हती. एकमेकांच्या खांद्याला खांदे लागत होते.

"लगीन झालं का पोरीचं?" जोतीरामनं विचारलं.

"झालं."

"कसं झालं?"

मौलानं मशीनच्या आत डोकं घातलं. हात मागं पसरून म्हणाला, "बारका पाना दे."

जोतीरामनं दिला. खाली माणसं ओरडत होती. मौलानं दोन आटे फिरवले, तेल सोडलं आणि मशीन सुरू झालं. तो उठला, हात पुसले. दारात क्षणभर थांबला.

"आठवड्यानं पट्टा बदलाय लागंल," तो म्हणाला. "मी येतो."

तो जिना उतरून गेला. जोतीराम भोकाला डोळा लावून उभा राहिला, कारण खेळ अजून अर्धा बाकी होता.