खालची बाजू

मुकादमाची पाठ गेली ती पियानोखाली. तेव्हापासून त्याच्या घरात पियानोचं नाव कोणी काढत नसे. म्हणजे सासूबाई सोडून. त्या रोज सकाळी विचारायच्या, "काय म्हणतोय पियानो?" आणि जावई भिंतीला धरून उठत म्हणायचा, "वाजतोय."

बावीस वर्षं हा माणूस लोकांची घरं इथून तिथं हलवत होता. हाताखाली तीन माणसं. एक काका, वयाने सगळ्यांत थोरले. काचेचं सामान गुंडाळावं तर त्यांनीच, पण एका बशीला इतका वेळ लावायचे की बघणाऱ्याला भूक लागावी. दुसरी ताई, फ्रीज एकटीने उचलणारी आणि वर "हलका आहे की" म्हणणारी. तिसरा बारक्या. नावाप्रमाणे किडकिडीत, चाळिशीला टेकलेला, पूर्वीचा सुतार. दिवसभरात त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर त्या दिवशी त्याला बरं नाही असं समजायचं.

जिन्यातून जड वस्तू उतरवताना जीव टांगणीला असतो तो खालची बाजू धरणाऱ्याचा. सुटलीच वस्तू, तर ती त्याच्या उरावर. म्हणून या कामात एक नियम असतो: जिन्यात एकच आवाज, आणि तो खालच्याचा. डावं-उजवं म्हणजेही खालच्याचं डावं-उजवं. वर धरणाऱ्यांनी आपल्या मनाशी उलटं करून घ्यायचं. नियम सोन्यासारखा आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. फक्त मुकादमाने बावीस वर्षांत खालची बाजू दुसऱ्या कोणाला दिलीच नव्हती. "आपला हात जगन्नाथ" म्हणायचं आणि शिरायचं खाली. त्यामुळे आवाज त्याचा, डावं त्याचं आणि उजवंही त्याचंच. बाकीचे तिघे आपले मुंडी हलवायचे.

मग पियानो आला, पाठीत कट्कन आवाज झाला, आणि दोन महिने मुकादम छताकडे बघत पडून राहिला.

कामावर परतला त्या दिवशी कंपनीच्या मालकीणबाईंनी त्याला समोर बसवलं. बाई बोलायला कडक, पण मनाने वाईट नाहीत.

"डॉक्टरांचा कागद वाचला मी," त्या म्हणाल्या. "आणखी एक हिसका बसला तर पाय कामातून जाईल. तुम्ही आता काही उचलायचं नाही. टोळी चालवायची, नुसती तोंडाने."

"नुसतं तोंडाने?" मुकादमाला वाटलं, आपल्याला कोणी उंटावर बसवून शेळ्या हाकायला सांगतंय.

"हो. आणि ते जमत नसेल तर आत्ताच सांगा. त्या तिघांना मी दुसऱ्या टोळ्यांत वाटून देते, तुम्ही गोदामाच्या दारावर बसून आल्या-गेल्याची नोंद करा. उद्या दातांच्या डॉक्टरांचं घर हलवायचंय. तिसरा मजला, एक अजस्र कपाट आहे. ते बारापर्यंत गाडीत चढलं पाहिजे, आणि तुमचा हात न लागता. मी स्वतः येणार आहे बघायला."

मुकादम "जमेल" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? काम गेलं असतं तर त्याने सोसलं असतं. पण ती तीन माणसं तीन दिशांना जाणार, हे मात्र त्याला सोसवेना. त्याने ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवते. "मी फळ्यावर सगळी गणितं स्वतःच सोडवली तर पोरं पास होतील का?" ती म्हणाली.

"गणित अंगावर पडत नाही," मुकादम म्हणाला.

"तुम्ही शिकलात का कधी माझ्याकडे?" असं म्हणून ती वह्या तपासायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाचं दर्शन झालं. शिसवी, माणसापेक्षा दोन हात उंच, जुन्या सुताराने लाकडी खुंट्या ठोकून एकजीव केलेलं. दारं आणि खण तेवढे निघाले. बाकी सुटं करायचं म्हणजे फोडायचंच.

"हे वर आलं कसं?" काकांनी विचारलं.

"मी इथं राहायला आलो तेव्हा ते होतंच," दातांचे डॉक्टर म्हणाले. "मला तर वाटतं, इमारत त्याच्याभोवती बांधली असावी."

मुकादमाने सवयीप्रमाणे खालच्या बाजूला हात घातला. ताईने नुसतं बघितलं. त्याने हात काढून खिशात घातला. "बारक्या, खालची बाजू तू घे," तो म्हणाला, आणि पोटच्या पोराला परदेशी धाडावं तसा चेहरा करून वरच्या पायरीवर उभा राहिला.

पहिल्या दहा पायऱ्या छान उतरल्या. बारक्या खालून हळू आवाजात "एक पायरी... टेका... एक पायरी" म्हणत होता, आणि वरची बाजू धरलेले काका आणि ताई त्याप्रमाणे येत होते. गंमत बघा, काम नीट चाललंय हेच मुकादमाला बघवेना. त्याची जीभ वळवळायला लागली. तरी त्याने दातांखाली धरली. बरं, दातांच्या डॉक्टरांचंच घर. चावली असती तरी सोय होती.

मग वळण आलं. अरुंद जिना, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला लोखंडी कठडा. बारक्या थांबला. त्याने वळणाकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं, परत वळणाकडे. तो विचार करत होता. पण मुकादमाच्या लेखी जिन्यात थांबणं म्हणजे घाबरणं.

"डावीकडे घ्या!" तो वरून ओरडला.

"थांबा," बारक्या खालून म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षं ज्या आवाजावर पाय उचलले तो ऐकायचा, की दिवसाला दहा शब्द बोलणाऱ्याचा? काका आणि ताई निघाले डावीकडे. आणि डावीकडे म्हणजे कुठं? सवयीप्रमाणे खालच्याच्या डावीकडे. पण मुकादम आज वर उभा होता, खाली तोंड करून. त्याला अभिप्रेत होतं ते त्याच्या स्वतःच्या हाताचं डावं. जन्मात कधी वर उभा राहिला असता तर मनात उलटं करायची सवय असती ना! कपाट नको त्या अंगाला फिरलं, खर्रकन भिंत खरवडली, आणि कठडा नि भिंत यांच्यामध्ये असं रुतलं की ना वर, ना खाली.

सव्वा अकरा वाजले होते.

"सरका, मी खाली येतो," मुकादम म्हणाला. येणार कुठून? कपाटाने जिना बुचासारखा बंद केला होता. मग त्याने वरूनच वाकून कपाटाची कड पकडायला हात पुढे केला.

"दादा," ताई अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही हात लावलात तर मी सोडून देईन."

"काय?"

"सोडून देईन. मग कपाट आणि बारक्या तळमजल्यावर भेटतील आपल्याला. तुम्हाला परत उचलून दवाखान्यात न्यायचं माझ्याच्याने होणार नाही. एकदा नेलंय. तुम्हाला शुद्ध नव्हती, मला होती."

ती खरंच सोडणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिचा आवाज कापत होता, आणि ताईचा आवाज कापलेला आजवर कोणी ऐकला नव्हता. मुकादमाने हात मागे घेतला.

खालून, कपाटापलीकडून बारक्या म्हणाला, "दादा, एक सांगू? तुम्ही आत जाऊन बसा."

मुकादम आत गेला. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. रिकाम्या घरात एक खुर्ची तेवढी उरली होती, तिच्यावर त्याला बसवलं. "तोंड बंद ठेवणं अवघडच असतं," ते म्हणाले. "माझ्याकडचे लोक उघडं ठेवायला रडतात, तुमचं उलटं."

मुकादमाला हसू आलं नाही. तो कान देऊन बसला. आधी नुसती कुजबुज. मग काहीतरी लोखंडी कुरकुरलं. मग काकांचं "अरे हळू, अरे हळू", आणि मग चक्क हसणं. ताई हसत होती, आणि दुसरं हसणं बारक्याचं असावं. खात्री देता येईना, कारण ते आधी कधी ऐकलंच नव्हतं. मुकादमाला आधी राग आला. कपाट अडकलंय आणि हे दात काढताहेत! मग त्याला आठवेना, आपल्या जिन्यात शेवटचं कोण कधी हसलं होतं. त्याने बराच वेळ आठवून बघितलं. मग लाज वाटली. अगदी कान तापेपर्यंत लाज वाटली.

तीनदा तो उठला आणि तीनदा परत बसला. चौथ्यांदा डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा उठताच आलं नाही.

बाराला दहा कमी असताना रस्त्यावरून ताईची शिट्टी ऐकू आली. मुकादम खिडकीशी गेला. कपाट फुटपाथवर उभं होतं, उन्हात, एक ओरखडा नाही. काका त्याला रजई गुंडाळत होते, अर्थात सावकाश.

तो जिन्यात आला तर वळणावर बारक्या उकिडवा बसून कठड्याचे बोल्ट परत आवळत होता. चार बोल्ट. कठडा सोडवून भिंतीला टेकवला, वळणाला हातभर जागा झाली, आणि कपाट घरंदाज पाहुण्यासारखं चालत खाली गेलं. बावीस वर्षं मुकादम वस्तू कठड्यांवरून उचलून नेत होता. कठडा सुटतो, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. दंडात जोर होता ना.

तो पाठीला हात लावत बारक्याच्या शेजारी पायरीवर बसला. "भारी सुचलं तुला," तो म्हणाला. "आत्ता सुचलं?"

बारक्या पाना फिरवतच राहिला. "नाही."

"मग कधी?"

"पियानोच्या दिवशी."

पियानोच्या जिन्यालाही असाच कठडा होता. तो पियानो मुकादमाने कठड्यावरून पलीकडे घेण्यासाठी खांद्यावर पेलला होता, आणि तेव्हाच पाठ गेली होती.

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"बोललो होतो, दादा." बारक्याने आता पाना खाली ठेवला. "म्हटलं, थांबा, कठडा काढतो. तुम्ही म्हणालात, जिन्यात एकच आवाज."

मुकादमाला ते आठवत नव्हतं. हेच जास्त लागलं. ज्या वाक्याने त्याची पाठ मोडली ते त्याने इतक्या सहज टाकलं होतं की त्याची आठवणही उरली नव्हती. आणि हा माणूस मात्र ते दोन महिने मनात घेऊन फिरत होता, दर रविवारी फळं घेऊन घरी येत होता, खाटेशेजारी गप्प बसून परत जात होता. मुकादमाचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले, आणि पुसताना लपवले नाहीत.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "पाठही माझीच गेली, ते एक बरं झालं. तुझी गेली असती तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?"

बारक्याने पाना पुन्हा उचलला. त्याने शेवटचा बोल्ट आवळला आणि कठडा हलवून बघितला. पक्का होता.

"जित्याची खोड आहे माझी," मुकादम म्हणाला. "उद्या पुन्हा ओरडेन. तुला काही दिसलं, आणि मी वरून म्हणालो गप्प बस, तर काय करशील?"

बारक्याने बराच विचार केला. "तर मी खालची बाजू सोडणार नाही," तो म्हणाला. "पण तुमचं ऐकणारही नाही."

खाली कपाट आत घेऊन गाडीचं दार लागलं. मालकीणबाई आल्या होत्या; ताईला काहीतरी विचारत होत्या, आणि ताई वर बोट दाखवत होती. मुकादमाने बारक्याचा दंड धरला, त्याच्या आधाराने उभा राहिला आणि दोघे जिना उतरून रस्त्यावर आले.

"कपाट चढलं," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "तुमचा हात लागला?"

"हात नाही लागला. तोंड लागलं होतं, त्यानेच अडकलं," मुकादम म्हणाला. "यांनी सोडवलं. टोळी मोडायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी हा मला आत्ता जिन्यात काय म्हणाला, ते ऐका." त्याने बारक्याला पुढे केलं. "सांग. होतं तस्सं सांग. मला आठवणीत ठेवायला साक्षीदार पाहिजेत."

बारक्याने एकदा ताईकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग मालकीणबाईंच्या डोळ्यांत बघून त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं, मुकादमाच्या समोर, इतक्या मोठ्याने की तिसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांनी खिडकी उघडली.