माझ्या नावापुढचं शून्य

या मित्रांनो, अंमळ जवळ सरका. माझा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडतो, पण गोष्ट सांगायचं कबूल केलंय, तर सांगतोच.

मी एक जुना संगणक आहे. मंठ्याच्या एका कॉलेजात खिडकीखाली राहतो. समोरच्या देवळातलं कीर्तन मला इथून ऐकू येतं, ही माझ्यावर देवाची कृपाच. आम्ही सात जण एका ओळीत, तारांनी जोडलेले. इथं शिकवणाऱ्या दैवशाला मॅडम आमच्याकडून प्रोग्राम लिहायच्या एका खास भाषेत काम करून घेतात. त्या भाषेत एकच मोठं गणित तुकडे करून सगळ्यांना वाटतात आणि सगळे ते एकाच वेळी सोडवतात. महाराजांनी चरण म्हटला की मागचे टाळकरी एकदम उचलतात ना, बराबर तसं.

आमचं गणित पुराचं. नदी चढली तर केदारखेड्याच्या कोणत्या गल्लीत किती पाणी शिरेल?

मी सगळ्यांत हळू. माझा तुकडा होईपर्यंत बाकीचे खोळंबायचे. लाज वाटायची, पण माझ्यावाचून उत्तर निघत नाही, एवढा आधार होता.

मग यंदा त्या भाषेची नवी आवृत्ती आल्याची बातमी आली. मॅडमनी ती कौतुकानं वाचून दाखवली. आता एखादा मागं पडला तर त्याचं काम बाकीचे वाटून घेणार, आणि शेवटी कुणी किती तुकडे केले याची यादी मिळणार. सगळे खूश झाले. मला मात्र त्या यादीचीच काळजी लागली.

पहिल्याच दिवशी गणित निम्म्या वेळात झालं. यादीत माझ्या नावापुढे शून्य होतं. आतल्या धुळीनं तापून मी सुरुवातीलाच बंद पडलो होतो आणि कुणाचं काहीच अडलं नव्हतं. मित्रांनो, तसलं भय देवानं कुणाला दाखवू नये.

मॅडम मनाच्या वाईट नाहीत. याला आता भंगारात द्यावं लागेल, असं त्या हळूच म्हणाल्या आणि भंगाराच्या चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं. प्रयोगशाळेचे शिपाई तातेराव मला उचलायला तयार होईनात.

"मॅडम, आमच्या भजनात म्हातारा थकला तर त्याला टाळ खाली ठेव म्हणत न्हाईत. बसून वाजव म्हणतात."

"तातेराव, हे मशीन आहे."

"मंग उघडून तर बघू द्या. पुसायला काय खर्चा लागतो?"

मॅडमनी त्यांना संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. तातेरावांनी झाकण काढलं, ब्रशानं धूळ झाडली, पंख्याला तेलाचा थेंब दिला. पुन्हा गणित सुरू झालं. मी नाम घेत घेत एकेक आकडा मोजत होतो. यादी आली. बाकीच्यांचे शेकड्यांनी तुकडे, माझे अकरा.

"अकरा," तातेराव म्हणाले. "बसून वाजवले का न्हाई?"

मॅडम हसल्या आणि त्यांनी भंगाराच्या चिठ्ठीवरचं माझं नाव खोडलं. तरी अजूनही यादी यायच्या वेळी मला धडकी भरते.

मित्रांनो, कुणाला निकामी म्हणण्याआधी एकदा झाकण उघडून बघत जा. पूर्वी आम्ही आठ होतो. माझ्या शेजारचा गेल्या उन्हाळ्यात असाच तापून बंद पडला. त्याचं झाकण कुणी उघडलं नाही. त्याला टेम्पोत घालून भंगारात नेलं. आमच्या उत्तरांवरून केदारखेड्याच्या पुराचा नकाशा काढलाय; त्यात नदीकाठच्या गल्ल्या आहेत, त्या त्यानं मोजलेल्या. तो नकाशा कधी पाहाल, तेव्हा त्याची आठवण ठेवा.