पाठीला मानवेल असा रस्ता

टॅक्सी स्टँडवर त्याला सगळे सुसाट म्हणायचे आणि त्याला त्याचा अभिमानच होता. या अवाढव्य शहरात तो अठ्ठावीस वर्षं गाडी हाकत होता. कुठला सिग्नल किती सेकंदांचा आणि कुठल्या बोळातून शिरलं की कुठल्या चौकात निघतो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. खड्डा दिसला की तो वेग कमी करण्याऐवजी वाढवायचा. "उडून गेलं की कळतच नाही," असं त्याचं म्हणणं. मागे बसलेल्यांना चांगलं कळायचं, पण त्यांना गाडी किंवा विमान गाठायचं असायचं, म्हणून ते दात आवळून गप्प बसायचे.

बायको मात्र गप्प बसणारी नव्हती. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच ती म्हणाली होती, "अहो, तुमच्या गाडीत बसले की जीव मुठीत धरावा लागतो." त्यानंतर ती त्या गाडीत अगदी अडल्यानडल्यालाच बसली. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती दिवसभर मशीनवर वाकून काम करायची. वाकून वाकून तिच्या पाठीने शेवटी हात टेकले, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येत्या शनिवारी घरी नेता येईल. पण दोन गोष्टी पाळा. एक म्हणजे दणके बसता कामा नयेत. आणि पाऊण तासाच्या वर सलग बसवायचं नाही."

"मग रुग्णवाहिका सांगू का?" सुसाटने विचारलं.

"मुळीच नको," पलंगावरून आवाज आला. "येताना तव्यातल्या शेंगदाण्यासारखी उडत होते मी त्यात." मग नवऱ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "तुमच्याच गाडीतून येते. सावकाश न्याल ना?"

तो "हो" म्हणाला खरा, पण हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरतानाच तो मनातल्या मनात रस्ते चाचपू लागला. लोकांना वेळेत पोचवणं त्याला जमायचं. न हलवता पोचवणं त्याने कधी करून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली. तिने फोनवर नकाशा उघडला. "बाबा, सोपं आहे. बाजारातून गेलं तर पस्तीस मिनिटं."

"त्यात खड्डे दाखवतात का?"

"गर्दी दाखवतात. लाल म्हणजे गर्दी."

"फोनला पाठ नाहीये गं," तो म्हणाला. "उद्या सुट्टी आहे ना तुला? चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्याने मुलीला मागच्या सीटवर उशांना टेकून बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. दणका बसला की तिने "हं" म्हणायचं आणि त्याने मोजायचं. बाजारातला रस्ता खरोखरच पस्तीस मिनिटांचा निघाला, पण "हं" झाले एकशे बारा. शेवटी शेवटी तर पोरगी "हं" न म्हणता "अगं आई गं" म्हणायला लागली. मग त्यांनी नदीकाठचा रस्ता पाहिला. तो दिसायला गुळगुळीत होता, पण उड्डाणपुलावर दर काही हातांवर जोड होता आणि प्रत्येक जोडावर गाडी धडक-धडक करत होती. पन्नास मिनिटं, अडतीस "हं".

उरला शहराला वळसा घालणारा रिंग रोड. तिथे डांबर नवंकोरं होतं, पण ट्रकांची रांग गोगलगायीसारखी सरकत होती. नऊ "हं" झाल्यावर मागून आवाज यायचा बंद झाला. त्याने आरशात पाहिलं तर मुलगी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. लहानपणी झोपायची तशीच. त्याने हॉर्नवरचा हात काढून घेतला. मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा त्याला त्या ट्रकवाल्याचा मनापासून राग आला.

पण वेळ लागला सव्वा तास. म्हणजे एक रस्ता पाठ मोडणारा, दुसरा हाडं खिळखिळी करणारा आणि तिसरा वेळेत न बसणारा. दोन दिवस त्याने हीच आकडेमोड केली. स्टँडवर विचारलं, तर प्रत्येकाने आपलाच रस्ता जगात भारी असल्याचं ठासून सांगितलं. एकाने तर, "तूच विचारतोस होय रस्ता?" असं म्हणून हात जोडले. त्याला हसू आलं नाही.

तोडगा निघाला तो अंडेवाल्या ताईकडून. ही बाई रोज सकाळी टेम्पोतून शहरभर अंडी पोचवायची. स्टँडसमोरच्या दुकानात ती ट्रे उतरवत होती. सुसाटच्या मनात आलं, जिचं पोट रस्त्यावर अंडं न फुटण्यावर चालतं, तिला विचारायला हवं. त्याने सगळं सांगितलं. ताईने हातातला ट्रे खाली ठेवला.

"रिंग रोडच घ्या दादा. माझा माल तिथूनच येतो."

"पण पाऊण तासाच्या वर बसवायचं नाही म्हणतात."

"सलग बसवायचं नाही म्हणतात ना?" ताई म्हणाली. "मग तोडा की मध्ये! निम्म्या वाटेवर माझं गोदाम आहे, ट्रकतळाच्या अलीकडे. आत एक खाट आहे. वहिनींना अर्धा तास आडवं होऊ दे, मग पुढे निघा."

सुसाटने लगेच गोदामाचा पत्ता नीट विचारून घेतला. अठ्ठावीस वर्षांत वाटेत थांबायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी परिचारिकेने बायकोला हळूच सीटवर बसवलं. त्याने सीट मागे कलती केली, कमरेखाली घडी केलेली चादर दिली, "ठीक आहे ना?" असं चारदा विचारलं. पाचव्यांदा ती म्हणाली, "अहो, आता निघा, नाहीतर इथेच पाऊण तास व्हायचा."

पहिली वीस मिनिटं दृष्ट लागण्यासारखी गेली. मग एका वळणापुढे त्याने ब्रेकवर अलगद पाय टेकवला. बुधवारी साफ असलेल्या रस्त्यावर पाण्याच्या नळासाठी आडवा चर खणला होता आणि त्यावर वरवर माती लोटली होती. पुढच्या गाड्या त्यात आपटून पलीकडे जात होत्या. सुसाटने गाडी थांबवली, दिवे लुकलुकत ठेवले आणि खाली उतरला. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला.

चर खणणाऱ्या मजुरांच्या मुकादमाला तो म्हणाला, "बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. या चरावरून तिला कशी नेऊ?"

मुकादमाने गाडीत डोकावून पाहिलं. मग त्याने दोघा मजुरांना खूण केली. बाजूला पडलेले दोन जाड पत्रे त्यांनी चरावर आणून टाकले, टोकांखाली माती ठोकून बसवली. पाच-सहा मिनिटं गेली. मागचा एक गाडीवाला तणतणत पुढे आला, "काय, मुक्काम करायचाय का इथे?" सुसाटने एरवी त्याला शब्दाला शब्द दिला असता. आज तो एवढंच म्हणाला, "आजारी माणूस आहे, दोन मिनिटं सांभाळून घ्या." तो माणूस गोंधळला. मग स्वतःच मागे वळून, हात वर करून इतरांना थांबवू लागला.

गाडी पत्र्यांवरून गेली. बायको म्हणाली, "गेला का तो चर? मला कळलंच नाही."

गोदामात अंड्यांचे ट्रे छतापर्यंत रचलेले होते आणि कोपऱ्यातल्या खाटेवर ताईने धुतलेली चादर अंथरली होती. बायको आडवी झाली, तिने डोळे मिटले. तो शेजारी उपड्या खोक्यावर बसला.

"बाजारातून आलो असतो तर?" तिने विचारलं.

"एव्हाना घरी असतो."

"आणि घरी जाऊन मी काय केलं असतं? आडवीच झाले असते ना? मग झालेय की."

त्याला हसू आलं. मग त्याने विचारलं, "पाठ कधीपासून दुखत होती गं?"

"चार वर्षं झाली."

"चार? मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही थांबलात कुठे?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. घरात यायचा, जेवायचा, घड्याळ बघायचा आणि पुन्हा किल्ली उचलायचा. ती उठताना भिंतीला हात लावायची हे त्याने पाहिलं होतं, पण पुढच्या भाड्याच्या नादात ते मनात उतरलं नव्हतं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता, आणि असा बसलेला तो तिला सहन होईना. "चार वर्षांचं सगळं आजच ऐकायला बसू नका," ती म्हणाली. "चहा मिळतोय का बघा."

चहा ताईच घेऊन आली. अर्ध्या तासाचा एक तास झाला. ताईने स्वतःला मिळालेली दोन बलकांची अंडी, ट्रकवाल्यांची भांडणं, काय काय सांगितलं. बायको पोट धरून हसत होती आणि "हसवू नका हो, टाके आहेत" म्हणत होती.

घराच्या गल्लीच्या तोंडाशी ते पोचले तेव्हा मुलीचे सहा फोन येऊन गेले होते. आणि तिथे सुसाटने कपाळावर हात मारला. त्याने अख्ख्या शहराचे रस्ते तपासले होते, पण स्वतःची गल्ली पाहायची राहून गेली होती. उखडलेल्या विटा, मधोमध गटाराचं वर आलेलं झाकण, दीडशे पावलांवर घर.

"आता काय करू?" तो म्हणाला.

"दार उघडा," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी चालायला कुठे मनाई केलीय?"

त्याने गाडी कडेला लावली आणि तिला हात दिला. ती एका पावलामागे दुसरं टाकत होती, आणि तो विटांकडे बघून सांगत होता, "इथे उंच आहे. आता सपाट. आता जरा डावीकडे." पलीकडून मुलगी धावत येत होती. त्याने तिला हातानेच खूण केली, हळू ये, आम्हाला घाई नाही.