पहिला गोल पाटलाचा

सहा वर्षं मी मोमिनाबादच्या छावणीत नालबंद होतो. घोड्यांच्या खुरांपाशी वाकून वाकून कंबर गेली, पण फुटबॉल आला. रिसाल्याचे, म्हणजे घोडदळाचे, सवार संध्याकाळी परेडच्या मैदानावर खेळायचे आणि माणूस कमी पडला की मला ओढायचे. पुढं वडील गेले, रान बघायला कुणी उरलं नाही, म्हणून सरकारी फसली सन तेराशे सतराला मी तेलगावला परत आलो. येताना सवारांनी टाकून दिलेला एक चामडी चेंडू मागून आणला. त्याच्या पोटातला रबरी फुगा कधीच फाटला होता. मी त्यात मेंढीची लोकर ठासली आणि गावातली पोरं गोळा केली.

लोक हसले. हसू देत म्हटलं. ज्वारी काढलेल्या रानात धसकटांतून मी पोरांना अनवाणी चेंडू न्यायला लावायचो. ज्याचा पाय उचलत नव्हता त्याचा पाय फाटायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो बरोबर उचलायचा. तेरा पोरं जमली, त्यातली अकरा टिकली. गाव आम्हाला 'शादेवचं चेंडूमंडळ' म्हणू लागलं. टिंगलीनं का होईना, नाव पडलं.

खरी अडचण जागेची होती. धसकटांत पळता येतं, सामना खेळता येत नाही. ओढ्याकाठी विठ्ठलराव पाटलांचं एक सपाट रान पडीक होतं. मी जाऊन मागितलं. पाटील माणूस वाईट नाही, आणि इथंच सगळा घोटाळा आहे. वाईट असते तर मी भांडलो असतो.

"खेळा की," ते म्हणाले. "रान नुसतं पडूनच हाय. आमचा भारतबी येईल खेळायला. फकस्त पयला गोल आमच्या घरचा. तेवढा मान ऱ्हाऊ द्या, शादेवा."

मी लगेच हो म्हटलं. त्यात मला काही वावगं वाटलंच नाही. आमच्या गावात पोळ्याला वेशीत तोरण बांधतात. सगळ्या गावाचे बैल सजून उभे राहतात, पण पाटलांची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय एक बैल पाऊल टाकत नाही. होळी पाटील पेटवतात, मग आम्ही बोंबलतो. पंगतीत पहिला घास पाटलांचा. रोजचा एक गोल देऊन अख्खं रान मिळत असेल तर सौदा स्वस्तच, असं मला वाटलं. माझ्या अकलेचं दिवाळं निघालं होतं, दुसरं काय.

भारत, पाटलांचा मुलगा, पोरगा चांगला, पण पाय त्याचे लाकडाचे. रोज खेळ सुरू झाला की भारतनं पहिला गोल करेपर्यंत बाकीच्यांनी गोलावर मारायचं नाही. चेंडू नुसता याच्या पायातून त्याच्या पायात. भारत मारायचा तो ओढ्यात जायचा. पुन्हा आणायचा, पुन्हा मारायचा. गोल राखायला गहिनीनाथ होता. तो कंटाळून बाजूला सरकायचा, तरी भारतचा चेंडू खांबाला लागायचा. कधीकधी तासभर यातच जायचा. मी दात खात उभा. पण एकदा तो गोल झाला की पोरं सुटायची, आणि सगळ्यांत पुढं सिदू.

सिदू रतनबाईचा. बाप नव्हता, गावाची शेरडं-मेंढरं राखून मायलेकरं जगत. कळपातून फुटलेलं शेरडू जसं तो न मारता, नुसता आडवा होऊन वळवायचा, तसाच चेंडू वळवायचा. हे मी शिकवलं नव्हतं. मी शिकवलं ते एवढंच की मान वर ठेव, डाव्या पायानं मारायला शीक, दम राख. तीन वर्षांत त्यानं सगळं उचललं. छावणीतसुद्धा तसा पोरगा मी पाहिला नव्हता. हे मी कौतुकानं सांगत नाही, संतापानं सांगतोय.

तिसऱ्या साली दिवाळीनंतर मी मोमिनाबादला गेलतो तेव्हा जुने रिसालदारसाहेब भेटले. ते म्हणाले, तुझी पोरं घेऊन ये, आमच्या सवारांशी खेळव. एक जागा आहे. पोरगा पसंत पडला तर आधी घोड्यांची निगा राखायला सईस म्हणून घेतो, घोड्यावर बसता आलं की सवार करतो, आणि आमच्यातर्फे खेळेल. जागा एकच, आणि पोरगा त्या दिवशीच निवडणार.

मी सिदूला सांगितलं. तो चुलीपुढं बसला होता, तसाच उठला.

"मामा, मला मेंढरामागं न्हाई मरायचं," तो म्हणाला. "मला घिऊन चला."

रतनबाईनं दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी नवं धोतर मागून आणलं.

दोन बैलगाड्या घेऊन आम्ही निघालो. पाटील घोड्यावर पुढं. धारूरचा घाट चढताना ते लांब गेले, तेव्हा मी गाड्या थांबवल्या आणि पोरांना खाली उतरवलं.

"नीट ऐका," मी म्हटलं. "तिथं मानपान न्हाई. ज्याच्या पायात चेंडू, त्यानं मारायचा. कळलं का बे? भारत, तुला राग न्हाई ना येत?"

"मला कावून राग यील?" भारत म्हणाला. "मला त्या पयल्या गोलाचा लई वैताग हाय, मामा. रोज समदे माझ्याकडं बघत बसतेत."

सगळे हसले. सिदूही हसला. मला वाटलं, झालं, तीन वर्षांची सवय मी एका घाटात उतरवून टाकली.

सामना दुपार टळल्यावर सुरू झाला. सवारांनी फुगा भरलेला खरा चेंडू आणला. चेंडू उड्या मारतो हेच आमच्या पोरांना ठाऊक नव्हतं! लोकरीचा चेंडू पडेल तिथं बसतो. हा आमच्या मुंजाजीच्या डोक्यावरून गेला, गहिनीनाथच्या हातातून उसळला आणि सवारांचा एक गोल झाला. मी कपाळावर हात मारला. त्यांना निदान एकदा तरी भरलेला चेंडू दाखवायला हवा होता, ही माझी चूक. पण सिदूला तो चेंडू पाव घटकेत कळला. अर्धा खेळ झाला तेव्हा सवार एकमेकांना ओरडून सांगत होते, त्या काळ्याला धरा.

शेवटी शेवटी तो सुटला. एकाला डावीकडून टाकलं, दुसऱ्याला उजवीकडून, तिसरा आपल्याच पायात अडकून पडला. गोल राखणारा सवार पुढं धावला, सिदूनं चेंडू त्याच्या बाजूनं काढला आणि तो सवार मातीत लोळला. समोर गोल मोकळा, पाच पावलांवर. म्हातारीनं फुंकर मारली असती तरी चेंडू आत गेला असता.

आणि सिदू थांबला.

पाय चेंडूवर ठेवून मागं वळला आणि भारतला शोधू लागला. सवार हसायला लागले. "मार!" मी ओरडलो. "मार बे!" भारतही ओरडला. सिदू हलला नाही. हट्टानं नाही, त्याचा पायच उचलत नव्हता, मला बाहेरून दिसत होतं. शेवटी भारतच धावत आला आणि त्यानं लाथ घातली. चेंडू खांबाला लागून कसाबसा आत गेला. पाटलांनी फेटा हवेत उडवला. त्यानंतर सिदूनं जे काही केलं ते विजेसारखं होतं, पण लगेच शिट्टी झाली. एक-एक, बरोबरी.

मी तरातरा त्याच्याकडं गेलो. हात उगारला होता मी, खोटं कशाला सांगू.

"घाटात काय सांगितलं होतं तुला?"

"सांगितलं व्हतं, मामा." तो म्हणाला. "मारायचंच व्हतं. पर आपला पयला गोल व्हता की तो. न्हाईच झालं."

मी त्याला नको नको ते बोललो. मेंढराच्या अकलेचा म्हणालो, जन्मभर मेंढरंच राख म्हणालो. तेवढ्यात रिसालदारसाहेबांनी मला बोलावलं.

ते पाण्यावर न्यायच्या घोड्यांपाशी उभे होते, घाईत. शेजारी पाटील, फेटा पुन्हा बांधत. मी जाऊन उभा राहिलो.

"वो लडका रुका क्यूं?" साहेबांनी विचारलं. "खेलता तो अच्छा है. डरपोक है क्या? तुमने सिखाया है, तुम बोलो."

ते माझ्याकडं बघत होते. विचारलं मला होतं. सांगायचं एवढंच होतं की साहेब, पोरगा भित्रा नाही, थांबायला मीच शिकवलंय, त्याला घ्या. एका दमाचं बोलणं. शब्द तोंडात तयार होते. आणि मी पाटलांकडं बघितलं. पाटील शेजारी उभे असताना साहेबाशी आधी मी कसा बोलू? ते एक शब्द बोलतील, मग मी बोलेन, एवढंच माझ्या मनात होतं.

पाटील बोलले. भारतच्या गोलाचं बोलले. आपल्या आजोबांना सरकारातून घोडा मिळाला होता ते सांगितलं. साहेबांना हुरडा खायला तेलगावला यायचं आमंत्रण दिलं. साहेब दोनदा माझ्याकडं वळले. मी हात बांधून उभा. मग बिगूल वाजला, साहेबांनी घोड्यावर टांग टाकली आणि म्हणाले, ठीक है, दुसरा कोई देख लेंगे.

पाटलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "नाक राखलं पोरांनी, शादेवा," ते म्हणाले. खरंच खूश होते.

गाडीपाशी सिदू बैलांना पाणी दाखवत होता. माझ्या शिव्यांचा राग त्याच्या तोंडावर नव्हता.

"सायब काय म्हनले, मामा?"

"मला इचारलं त्यांनी तुझ्याबद्दल."

"मग? तुमी काय सांगितलं?"

"काहीच न्हाई. बोललोच न्हाई मी."

"कावून?"

"पाटील बोलत व्हते," मी म्हटलं.

वाटलं, आता हा भडकेल. बादली फेकेल, मला तोंडावर शिवी देईल. द्यायलाच हवी होती. मीच त्याच्या जागी असतो तर दिली असती.

"आसं व्हय," सिदू म्हणाला आणि दुसऱ्या बैलाकडं वळला. त्याला सगळं पटलं होतं.