तिसरी साक्षीदार

आचलनं सुगतशी रजिस्टर लग्न करायचं ठरवलं आणि घरात सांगितलं ते एकट्या जमुनाला. थोरली बहीण म्हणून. बिचारीला काय माहीत, कुणापाशी तोंड उघडलं ते!

जमुना जळत होती, खोटं कशाला बोला? सुगत बौद्ध आहे, बाबा घर डोक्यावर घेतील, ही सगळी वरवरची कारणं. सुगत आचलला विचारून तिच्या चहात साखर टाकतो, एवढंसं पाहिलं आणि हिनं आपला कप तसाच सारून दिला. सतरा वर्षांपूर्वी हिचं लग्न झालं तेव्हा हिवरखेडला सहाशे पानं उठली, बँड वाजला, घोडा नाचला. पण पोरगा पसंत आहे का, हे नवरीला विचारायची कुणाला फुरसत झाली नाही. आणि या धाकटीनं आपला आपण निवडावा?

लग्नाची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर तीस दिवस लागते, तेवढ्यात कुणीही हरकत घेऊ शकतो, हे आचलनंच भोळेपणानं सांगितलं होतं. सव्विसाव्या दिवशी जमुना घरी बाजाराचं निमित्त सांगून एसटीनं अकोल्याला आली आणि थेट नोंदणी कार्यालयात शिरली.

तिथल्या कारकून संध्याबाईंनी कोरा कागद पुढं सरकवला अन् कारण विचारलं. वय कमी आहे? आधीचं लग्न आहे? जवळचं रक्ताचं नातं? डोक्यानं अधू आहे कुणी? जमुना प्रत्येकाला नाही म्हणत गेली. शेवटी तिनं जात काढली.

“जात याच्यात येत नाही, ताई.”

आता काय लिहावं? वेळ काढायला तिनं विचारलं, लग्नाच्या दिवशी इथं होतं तरी काय. तीन साक्षीदार लागतात, संध्याबाई म्हणाल्या, सह्या होतात, आणि मी तुझा स्वीकार करतो, करते, असं दोघांना एकमेकांना म्हणावं लागतं.

“पोरीलेबी म्हनावं लागते?”

“मंग? तिनं सोताच्या तोंडानं म्हनल्याबिगर लग्न होत नाही.”

जमुनानं कागद कोराच परत केला. बाहेरच्या बाकावर बसून ती घळघळा रडली. एवढं एक वाक्य आपल्या वाट्याला आलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, हेच तिला सुचेना.

पुढच्या आठवड्यात तिसरी साक्षीदार म्हणून जमुनाच आपणहून उभी होती. जळफळाट काही गेला नव्हता. आचलची साधी सुती साडीसुद्धा तिच्या डोळ्यांत सलत होती. सुगत खणखणीत बोलला. आचलची वेळ आली तशी ती लाजली, मान खाली घालून काहीतरी पुटपुटली, आणि लग्न नोंदवणारे साहेब पुढचा कागद घ्यायला लागले.

“थांबा, साहेब,” जमुना म्हणाली. “आचल, जोरानं म्हन. मले आयकाचं हाये.”